चार्जरची कुरकुर आणि दुकानदाराचे नुकसान

मोबाईलच्या सुट्या सामानाचा धंदा करणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांकडे एक तक्रार वारंवार येते आणि बहुतेक वेळा ती हसण्यावारी नेली जाते. ग्राहक म्हणतो, ‘भाई, हा चार्जर रात्री चीं-चीं करतो, झोप लागत नाही.’ दुकानदार चार्जर कानाला लावतो, त्याला काहीच ऐकू येत नाही आणि ग्राहकाला वहम झाला आहे असे समजून तो त्याला वाटेला लावतो. दुसऱ्या दिवशी दुसरा ग्राहक येतो. त्याच्या मोबाईलचा पडदा चार्जिंगला लावला की वेड्यासारखा वागतो, बोट एकीकडे ठेवावे तर बटण दुसरीकडचे दाबले जाते. तिसरा रिक्षावाला असतो. त्याने गाडीत चार्जर खोचल्यापासून एफएमवर खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही. आणि एखाद्या मशिदीचे ट्रस्टी साऊंडवाल्याला फोन करून विचारतात की, कालपर्यंत ठीक असलेला ॲम्प्लिफायर आज ‘भूं’ असा आवाज का काढतो आहे?

या चारही तक्रारींचे मूळ बहुधा एकाच वस्तूत असते, आणि ती वस्तू शे-सव्वाशे रुपयांना काउंटरवरून विकली गेलेली असते. सदर विषय वरवर किरकोळ वाटतो. परंतु याच कुरकुरीपायी रिपेअरिंगवाले चांगले डिस्प्ले बदलून बसतात, साऊंडवाले नवे ॲम्प्लिफायर खोलून बसतात आणि दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते. शिवाय काही आवाज निरुपद्रवी असतात, तर काही आवाज चार्जर बनविणाऱ्याने आत काय काय वाचविले आहे ते सांगत असतात. हा फरक ज्याला कळतो त्याचा पैसाही वाचतो आणि इभ्रतही. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

एलिमिनेटरच्या काळातला आवाज

आपल्या देशात मोबाईल सेवा १९९५ साली सुरू झाली. त्याआधीपासून टेपरेकॉर्डर आणि ट्रान्झिस्टरसाठी जे ‘बॅटरी एलिमिनेटर’ बाजारात मिळत होते ते वयस्कर वाचकांना आठवत असतील. हातात घेतले की विटेसारखे जड. आत लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या तारेचे दोन गुंडाळे, एवढाच मामला. त्यातूनही आवाज यायचा, पण तो जाड, घुमणारा, भुंग्यासारखा. घरातील विजेचे सेकंदाला ५० फेरे होतात. लोखंडाचा गाभा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित ताणला जातो आणि सैल होतो, म्हणून तो सेकंदाला १०० वेळा थरथरतो. पत्रे सैल असतील तर हा आवाज वाढायचा. कारागीर स्क्रू आवळायचा, वॉर्निश पाजायचा आणि काम भागायचे. त्या आवाजात धोका जवळपास नसायचा.

आजचा चार्जर काडेपेटीएवढा झाला आहे, कारण त्याने काम करण्याची रीतच बदलली आहे. भिंतीतील २३० व्होल्टची वीज आधी सरळ केली जाते. ती कंडेन्सरमध्ये साठते तेव्हा सुमारे ३२५ व्होल्ट भरते. मग एक छोटे इलेक्ट्रॉनिक बटण या विजेचे सेकंदाला साठ हजार, लाख किंवा त्याहूनही अधिक वेळा तुकडे पाडते. हे तुकडे एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून जातात आणि पलीकडे पाच किंवा नऊ व्होल्ट होऊन बाहेर पडतात. विजेचे तुकडे जितके वेगाने पाडावेत तितका ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. त्यामुळे तांबे वाचते, लोखंड वाचते, वजन आणि वाहतूक वाचते. पण विजेचे असे झटक्याझटक्याने तुकडे पाडणे म्हणजे गोंगाट निर्माण करणेच होय. चांगला कारखानदार हा गोंगाट चार्जरच्या पोटातच कोंडून ठेवतो. वाईट कारखानदार तो ग्राहकाच्या घरात सोडून देतो.

कानाला ऐकू येणारी शिट्टी

माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला २० पासून २० हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मग साठ हजारांवर चालणारा चार्जर ऐकू कसा येतो? तर फोन पूर्ण भरला किंवा काढून घेतला की चार्जरला काम उरत नाही. अशा वेळी तो वीज वाचविण्यासाठी थोडे काम, मग थोडी विश्रांती असे आळीपाळीने करू लागतो. हे काम-विश्रांतीचे फेरे कानाच्या टप्प्यात उतरतात. आतील गाभा, तारांचे वेटोळे आणि चिनी मातीचे बारीक कंडेन्सर त्या तालावर थरथरतात आणि रातकिड्यासारखा बारीक आवाज येतो. म्हणूनच ही तक्रार रात्रीची असते. रात्री आजूबाजूला शांतता असते आणि फोनही शंभर टक्के भरलेला असतो.

दुकानदाराला तो ऐकू का येत नाही? एक तर बाजारात गोंगाट. दुसरे म्हणजे वय. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे कान बारीक आवाज हळूहळू सोडून देतात, तर लहान मुलाला तेच स्पष्ट ऐकू येतात. तेव्हा ग्राहकाला खोटे ठरविण्याआधी दुकानात काम करणाऱ्या पोऱ्याला मागच्या खोलीत नेऊन ऐकायला सांगावे.

ही शिट्टी बारीक आणि एकसारखी असेल, चार्जर फारसा तापत नसेल आणि जळका वास नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. चांगल्या कंपन्यांचे चार्जरही थोडेफार कुजबुजतात. आतील ट्रान्सफॉर्मर वॉर्निश किंवा गोंदाने नीट बसविलेला असला की आवाज दबतो, नसला की वाढतो. फोन भरल्यावर चार्जर बोर्डावरून काढून ठेवणे हा साधा इलाज ग्राहकाला सांगावा.

‘टिक-टिक-टिक’ असा थांबून थांबून येणारा आवाज मात्र वेगळा. त्याचा अर्थ चार्जर सुरू होतो, त्याला जास्त भार किंवा शॉर्ट जाणवतो, तो स्वतःला बंद करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. दोष केबलमध्ये, फोनच्या पिनेत किंवा चार्जरमध्ये असू शकतो. आधी केबल बदलून पाहावी. आणि ‘चर्रर्र’ असा तळल्यासारखा आवाज आला तर चार्जर ताबडतोब काढावा. पुष्कळदा यात चार्जर निर्दोष असतो आणि बोर्डातील सॉकेट सैल होऊन आत ठिणगी पडत असते. पिनेवर काळा-तपकिरी डाग दिसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचे, दुसरा चार्जर विकायचा नाही.

जो आवाज फक्त रेडिओला ऐकू येतो

सेकंदाला ६५ हजार वेळा वीज तोडणारा चार्जर केवळ ६५ किलोहर्ट्झवरच गोंगाट करीत नाही. तो त्याच्या पटीतही करतो. नऊ पटीला ५८५, दहा पटीला ६५०, अकरा पटीला ७१५, असे ते आकडे चढत जातात. रेडिओची मीडियम वेव्ह साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या दरम्यान असते. म्हणजे हा गोंगाट थेट आकाशवाणीच्या दारात जाऊन उभा राहतो. एफएम याहून पुष्कळ वर आहे, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झला. पण बटणाची उघडझाप जितकी झटक्याची तितका गोंगाट वरपर्यंत पोहोचतो, आणि रिक्षात किंवा टॅक्सीत चार्जर, केबल आणि अँटेना वीतभर अंतरावर असतात.

गाडीतील चार्जरला २३० व्होल्ट लागत नाहीत, तो बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतो. तरी तुकडे पाडण्याचे काम तेच. स्वस्त मालात फिल्टरचा चोक आणि कंडेन्सर गाळलेले असतात आणि खोके प्लास्टिकचे असते, त्यामुळे आवाज अडवायला काहीच नसते. ड्रायव्हर बांधवांनी ओळख अशी करावी: चार्जर काढताच खरखर थांबली तर दोष चार्जरचा. इंजिनाचा वेग वाढेल तसा आवाज चढत असेल तर तो गाडीच्या डायनामोकडून येतो आहे आणि चार्जर बदलून काही उपयोग होणार नाही. काही ठिकाणी केबलवर चाप बसणारा फेराईटचा मणी लावला की आवाज कमी होतो. पूर्ण जातो असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चार्जरच मुळात गलिच्छ असेल तर एक मणी किती अडविणार?

ॲम्प्लिफायरमधील ‘भूं’

मशिदी, शादीखाने, इज्तिमाचे मंडप, शाळांची संमेलने येथे साऊंडचे काम करणारे आमचे अनेक बांधव आहेत. पूर्वी माईक आणि ॲम्प्लिफायर एवढेच सामान असे. २०२० च्या लॉकडाऊननंतर मोबाईलवरून कार्यक्रम थेट दाखविण्याची पद्धत गावोगाव पोहोचली आणि ॲम्प्लिफायरला मोबाईल किंवा लॅपटॉप जोडला जाऊ लागला. कार्यक्रम लांबतो, बॅटरी उतरते, कोणीतरी चार्जर लावतो आणि त्याच क्षणी स्पीकरमधून घरघर सुरू होते.

याचे कारण समजून घेतले तर निम्मे काम होते. दोन पिनांच्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू एकमेकींपासून अलग ठेवलेल्या असतात. परंतु आतील गोंगाट परत मुळाकडे वळविण्यासाठी या दोन बाजूंमध्ये एक छोटा कंडेन्सर मुद्दाम बसवितात. त्याला ‘वाय’ कंडेन्सर म्हणतात आणि त्याविषयी पुढे पुन्हा सांगायचे आहे. त्यातून अत्यल्प वीज फोनच्या बाजूला झिरपते. एरवी ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण फोनमधून ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या वायरचे कवच तिला जमिनीकडे जाण्याची वाट करून देते आणि ती वाट ॲम्प्लिफायरमधून जाते. ॲम्प्लिफायर बिचारा जे मिळेल ते हजार पटीने मोठे करतो. लॅपटॉपचा अडॅप्टर तीन पिनांचा असेल तर आणखी एक भानगड होते. लॅपटॉपची अर्थिंग एका बोर्डातून, ॲम्प्लिफायरची दुसऱ्या बोर्डातून, दोन्ही मधल्या वायरने जोडलेल्या, असा एक मोठा फास तयार होतो आणि त्यात विजेचा हम शिरतो.

इलाज पैशाचे नाहीत, शिस्तीचे आहेत. कार्यक्रमाआधी फोन आणि लॅपटॉप पूर्ण भरून ठेवावेत आणि ॲम्प्लिफायरला जोडलेले असताना बॅटरीवरच चालवावेत. चार्जर लावणे भागच असेल तर सगळे सामान एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावे. तेवढ्याने भागले नाही तर मध्ये ऑडिओचा आयसोलेटर टाकावा. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो आणि वायरचा थेट संबंध तुटतो. बाजारात तो अगदी महाग नाही. मोबाईल पॉवर बँकेवर चालविला तरी हा दोष उरत नाही, कारण पॉवर बँकेचा भिंतीशी संबंधच नसतो.

येथे एक गोष्ट आम्हाला जरा जोर देऊन सांगायची आहे. हम घालविण्यासाठी काही कारागीर अर्थिंगची मोठी पिन तोडून टाकतात किंवा बोर्डातील अर्थची वायर सोडवून ठेवतात. हम जातो हे खरे आहे. पण ॲम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीत कधी वायर टेकली तर ती वीज जमिनीत जाण्याऐवजी माईक धरणाऱ्याच्या हातात जाते. मंडपातील ओली जमीन आणि अनवाणी पाय असताना काय होईल हे सांगणे न लगे. ज्या साऊंडवाल्याच्या सामानाला अर्थची पिन नाही, त्याला काम देण्याआधी ट्रस्टी मंडळींनी विचारणा करावी.

जाता जाता आणखी एक ओळख सांगून ठेवतो. स्पीकरमधून मध्येच ‘टर्र-टर्र, टर्र-टर्र’ असा लयीत आवाज येत असेल तर दोष चार्जरचा नाही. तो जवळ ठेवलेल्या, टू-जी पद्धतीवर बोलणाऱ्या एखाद्या फोनचा किंवा मशीनचा आहे. ते यंत्र दोन हात लांब ठेवले की काम झाले.

डिस्प्ले बदलण्याआधी

मोबाईल रिपेअरिंगच्या कारागिरांचे सर्वांत जास्त नुकसान येथे होते. फोनचा पडदा बोटाने होणारा विजेचा अतिसूक्ष्म फरक मोजत असतो. गलिच्छ चार्जर लावला की सबंध फोनच जमिनीच्या मानाने वर-खाली डोलू लागतो, आणि पडद्याला बोट कोठे आहे हे कळेनासे होते. बोट न लावता टाईप होणे, आडव्या रेघांमध्ये स्पर्श बंद पडणे, आपोआप ॲप उघडणे ही सारी लक्षणे त्यातून येतात. ग्राहक म्हणतो टच गेला. घाईत कारागीर डिस्प्ले बदलतो. ग्राहक घरी जातो, तोच चार्जर लावतो आणि तासाभरात भांडायला परत येतो. डिस्प्लेचे पैसेही गेले आणि गिऱ्हाईकही गेले.

तपासणी एका मिनिटाची आहे. फोन चार्जरवरून काढून पाहावा. नंतर पॉवर बँकेवर लावून पाहावा. दोन्ही वेळा टच ठीक चालला आणि फक्त ग्राहकाच्या चार्जरवर बिघडला तर डिस्प्लेला हात लावू नये. रिपेअरिंगच्या टेबलावर एक खात्रीचा चार्जर आणि एक पॉवर बँक कायम ठेवलेली असावी, आणि ग्राहकाने फोनसोबत आपला चार्जरही आणावा असा पाट्यांवर मजकूर लिहावा.

आत काय गाळलेले असते

अमेरिकेतील अभियंता केन शिरिफ यांनी २०१२ साली डझनभर यूएसबी चार्जर मोजमापाच्या यंत्रांवर तपासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. नामांकित कंपन्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नकली चार्जरांमधून बाहेर पडणारी वीज गोंगाटाने भरलेली होती, तर त्याच आकाराच्या अस्सल चार्जरची वीज कितीतरी स्वच्छ होती. वरून पाहता दोघांत फरक दिसत नव्हता. फरक होता तो आतील भागांच्या संख्येत. वीज आत येताच तिला गाळणारे चोक आणि कंडेन्सर, बाहेर जाताना तिला सपाट करणारे कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मरमधील जादा इन्सुलेशन आणि दोन बाजूंमध्ये राखलेले काही मिलिमीटरांचे मोकळे अंतर. फोन चार्ज होण्यासाठी यांपैकी बऱ्याच गोष्टींची गरज नसते. म्हणून स्वस्त मालात पहिली कात्री यांच्यावरच चालते.

आता ‘वाय’ कंडेन्सरविषयी. हा भाग २३० व्होल्ट आणि ग्राहकाचा हात यांच्या मध्ये उभा असतो. म्हणून तो खास बनावटीचा असावा लागतो आणि त्याच्यावर ‘वाय-१’ किंवा ‘वाय-२’ असा शिक्का असतो. बिघडला तरी तो शॉर्ट होऊ नये अशी त्याची घडण असते. साधारण एक ते दोन नॅनोफॅरडच्या अशा कंडेन्सरमधून मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वीज झिरपते. धातूच्या पाठीचा फोन किंवा लॅपटॉप चार्जिंगला असताना हात फिरविला की मुंग्यांसारखे वाटते किंवा टेस्टर मंद पेटतो, ते यामुळेच. एवढ्यावरून चार्जर वाईट ठरत नाही, ग्राहकाला तसे समजावून सांगावे.

नकली चार्जरमध्ये दोन प्रकार आढळतात. एकात हा कंडेन्सर गाळूनच टाकलेला असतो. त्याला मुंग्या येत नाहीत, पण रेडिओ आणि टच दोन्ही बिघडतात. दुसऱ्यात त्याच्या जागी साधा, काही पैशांचा कंडेन्सर लावलेला असतो. हा दुसरा प्रकार खरा घातकी आहे. वरून सगळे ठीक चालते, आणि ज्या दिवशी तो कंडेन्सर शॉर्ट होतो त्या दिवशी २३० व्होल्ट थेट फोनच्या पिनेवर येतात. फोन चार्जिंगला लावून कानाशी धरणाऱ्याचे मग काय होईल? म्हणून केवळ आवाजावर सर्वस्वी विसंबू नये. पण जेथे आवाज फार आहे तेथे आतील कात्री खोलवर चालली असण्याची शक्यता जास्त, एवढे गृहीत धरायला हरकत नाही.

शिक्का, कायदा आणि काउंटर

केंद्र सरकारने २०१२ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला आणि त्याच्या यादीत अडॅप्टर घातले. त्यानुसार नोंदणी झालेल्या मालावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असा क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावे आहे ते दिसते. घाऊक माल उचलण्याआधी हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही, तरी ते पाहणारे थोडे. क्रमांक एका कंपनीचा आणि डब्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचे असे आढळले तर माल तेथेच ठेवावा. मात्र हेही ध्यानात असावे की ही नोंदणी सुरक्षिततेच्या कसोटीवर मिळते. चार्जर शांत आहे अशी हमी त्यात नाही.

‘आम्ही काय बनवतो का? आम्ही तर फक्त विकतो,’ असे अनेक दुकानदार म्हणतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला तेव्हापासून ही ढाल तितकीशी पक्की राहिलेली नाही. या कायद्याच्या कलम ८६ नुसार सदोष मालाने ग्राहकाला इजा झाली आणि माल कोणी बनविला हेच ठाऊक नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता स्वतः जबाबदार धरला जाऊ शकतो. मालात फेरबदल केला आणि त्यातून इजा झाली तरी तसेच. हे रिपेअरिंगच्या बांधवांनी विशेष करून वाचावे. बिननावाच्या पांढऱ्या डबीतील चार्जरवर सुटणारा नफा किती आणि डोक्यावर घेतलेले ओझे किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. डब्यावर बनविणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता नसेल तर तो पत्ता आपल्या दुकानाचा समजला जाईल. पक्के बिल घ्यावे आणि जपून ठेवावे.

आपल्याकडे मालातील ऐब सांगून माल विकण्याचा दंडक आहे, आणि ऐब लपविला असेल तर माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क फिकहने मान्य केलेला आहे. बारीक शिट्टी हा ऐब मानायचा की नाही यावर दोन मते होऊ शकतात. आमच्या मते ग्राहकाला आधी सांगितले तर वाद उरत नाही. पण जो चार्जर टच बिघडवितो तो सदोषच आहे आणि तो बदलून देण्यात काचकूच करू नये.

नमुना पारखण्याची एक सोपी युक्ती सांगतो. मीडियम वेव्ह असलेला खिशातला जुना रेडिओ दुकानात ठेवावा. दुकानातील एलईडी दिवे आधी बंद करावेत, कारण त्यांचे ड्रायव्हरही याच जातीचे असतात आणि तेच रेडिओ भरून टाकतात. एलईडी बल्ब जुळविण्याचे घरगुती काम करणाऱ्यांनी ही कसोटी आपल्या बल्बलाही लावून पाहावी. मग दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी रेडिओ लावावा, चार्जरला बॅटरी उतरलेला फोन जोडावा आणि रेडिओ हळूहळू जवळ न्यावा. अगदी शांत चार्जर कोणताही नसतो. चांगल्या चार्जरचा गोंगाट वीतभर अंतरावर विरतो, वाईट चार्जरचा सबंध दुकानात ऐकू येतो. घाऊक व्यापाऱ्याकडून चार-पाच कंपन्यांचे एकेक नमुने घेऊन ते एकामागून एक लावावेत, फरक कानाला लगेच कळतो. आणि नमुना एक व पेटी दुसरीच असे बाजारात होतेच, म्हणून पेटी फोडल्यावर मधूनच दोन नग काढून पुन्हा तपासावेत.

कारागिरांनी चार्जर खोलून दुरुस्त करण्याच्या भरीस शक्यतो पडू नये. प्लगमधून काढल्यावरही आतील मोठ्या कंडेन्सरमध्ये काही काळ तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. शिवाय वरची पेटी चिकटविलेली असते, ती फोडली की पहिल्यासारखी कधी बसत नाही. ग्राहकाने परत केलेले, खात्री नसलेले चार्जर बाजूला टाकताना त्यांची वायर आणि पिना कापून टाकाव्यात. नाही तर भंगारात गेलेला तोच माल पुसूनपासून जुना बाजारात येतो आणि वीस-तीस रुपयांना पुन्हा कोणाच्या तरी घरी जाऊन बसतो.